वालाचं बिरडं अंगी कसं लागतं?

भाताची कापणी उरकली की शहापूर-मुरबाडकडचे बरेच शेतकरी खाचरात वाल टाकतात. वेगळं पाणी द्यावं लागत नाही. पावसाने जमिनीत मागे ठेवलेली ओल आणि थंडीतलं दव एवढ्यावर वेल उभा राहतो. उन्हं तापायच्या आत दाणे घरात येतात आणि वर्षभर लागतील तसे बाहेर निघतात. वाशिंदसारख्या लोकल गाठणाऱ्या नोकरदारांच्या गावातही वालाचं बिरडं हा आवडीचा बेत असतो. करायला मात्र निगुतीचा. रात्री वाल भिजत घालायचे, सकाळी उपसून फडक्यात घट्ट बांधायचे. थंडीत मोड यायला जास्त वेळ लागतो. मोड आले की दाणे कोमट पाण्यात टाकायचे आणि एकेक दाणा चिमटीत धरून साल दाबायची, म्हणजे आतली डाळिंबी सुटून येते. मग कांदा, खोबरं, आमसूल, चवीपुरता गूळ, आणि डाळिंबी मोडणार नाही पण शिजेल अशी मंद आच.

सुक्या वालात शंभर ग्रॅममागे साधारण पंचवीस ग्रॅम प्रथिन असतं. तांदळात ते सात-आठ ग्रॅमच्या आसपास, एका अंड्यात सहा ग्रॅम. आगोटीला डब्यात भरून ठेवलेली सुकट किंवा बोंबील घेतले तर वजनाच्या निम्म्याहून अधिक प्रथिनच. ताटातला हिशेब असा सोपा आहे. पण अंगणवाडीत वजनकाट्यापाशी उभी असलेली एखादी आई म्हणते, ‘खातो चांगलं हो, पण अंगी लागत नाही.’ तिचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. घास गिळला तरी अन्न शरीराच्या दृष्टीने बाहेरच असतं. अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंतची वाट दोन्ही टोकांना उघडी आहे. त्या वाटेवरचं अन्न आणि रक्त यांच्यामध्ये आतड्याच्या पेशींचा एकच थर असतो, जाडीला केसापेक्षाही कमी. ताटातलं प्रथिन शरीराचं होतं ते हा थर ओलांडल्यावर.

आधी तुकडे

वालातलं प्रथिन वालाने स्वतःच्या अंकुरासाठी साठवलेलं असतं. ते जसंच्या तसं रक्तात आलं तर आपल्या काही कामाचं नाही, उलट रोगप्रतिकार यंत्रणा त्याला परकं समजून त्याच्यावर तुटून पडेल. म्हणून ते आधी मोडावं लागतं. सगळी प्रथिनं वीस प्रकारच्या अमिनो आम्लांच्या लांबलचक साखळ्यांची बनलेली असतात. वालाचं प्रथिन, अंड्याचं प्रथिन आणि मुलाच्या दंडातल्या स्नायूचं प्रथिन यांत अमिनो आम्लं तीच, फक्त त्यांचा क्रम आणि प्रमाण वेगळं. वीसपैकी नऊ आपल्याला शरीरात तयार करता येत नाहीत. ती अन्नातूनच यावी लागतात.

जठरातल्या आम्लाने प्रथिनांच्या घड्या उलगडतात आणि पेप्सिन हे विकर साखळी ठिकठिकाणी तोडतं. खरं काम मात्र पुढे, लहान आतड्याच्या सुरुवातीला होतं. स्वादुपिंड दिवसाला लिटर-दीड लिटर रस आतड्यात सोडतं. त्यात प्रथिनं तोडणारी जहाल विकरं असतात, पण ती निष्क्रिय रूपात येतात. नाहीतर त्यांनी स्वादुपिंडच खाल्लं असतं. त्यांना जागं कोण करतं, याचा उलगडा १८९९ साली रशियात पावलॉव्ह यांच्या प्रयोगशाळेत शेपोवाल्निकोव्ह यांनी केला. आतड्याच्या पेशींवरच एक विकर असतं, एन्टेरोकायनेज. ते ट्रिप्सिनला जागं करतं आणि मग ट्रिप्सिन उरलेल्या सगळ्यांना. म्हणजे आतडं येईल ते निमूटपणे शोषत बसत नाही. अन्न आपल्यापर्यंत पोचलं की कापायला सुरुवात करा, असा हुकूम तेच देतं.

वालाच्या बाबतीत इथे एक अडचण उभी राहते. बऱ्याच कडधान्यांप्रमाणे कच्च्या वालातही ट्रिप्सिनला जखडून ठेवणारी प्रथिनं असतात. किडीने दाणा खाल्ला तर तिला तो पचू नये, ही झाडाची तजवीज. सालीत टॅनिनं असतात, तीही प्रथिनाला चिकटून बसतात. भिजवणं, मोड आणणं, साल काढणं आणि शिजवणं या चारही गोष्टी त्या तजविजीवरचा उतारा आहेत. शिजवण्याने ट्रिप्सिनला रोखणारी बहुतेक प्रथिनं निकामी होतात, सालीबरोबर टॅनिनं निघून जातात. बंगळूरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजात अनुरा कुरपड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या दशकात हे मोजण्याची एक नामी युक्ती वापरली. झाडांना जड हायड्रोजन असलेलं पाणी घालून त्यांनी कडधान्यं वाढवली, म्हणजे दाण्यातल्या अमिनो आम्लांवर खूण उमटली. ते धान्य लोकांना खाऊ घातलं आणि खूण असलेली अमिनो आम्लं रक्तात किती पोचतात ते पाहिलं. अंड्याची आवश्यक अमिनो आम्लं सर्वांत जास्त पोचली, कडधान्यांची त्यापेक्षा बरीच कमी. आणि मुगाची साल काढली, तर त्याचं प्रमाण वाढलं. बिरड्याचे दाणे सोलणाऱ्या बाईला त्यामागची विकरं माहीत नसतील, पण तिच्या चिमटीत होतं ते काम तेच आहे.

आधी मोडायचं, मगच आत घ्यायचं, या नियमाला एक अपवाद गोठ्यात सापडतो. गाय व्याली की वासराला आधी चीक पाजा, खरवसाचं नंतर बघू, असं जाणती माणसं बजावतात. नव्या वासराचं आतडं जन्मानंतर साधारण दिवसभर अख्खी प्रथिनं आत घेतं. चिकातली प्रतिपिंडं अशीच न मोडता रक्तात जातात, कारण गाईच्या पोटात असताना वासराला ती मिळालेली नसतात. दिवस उलटला की ही वाट बंद होते. त्यानंतर पाजलेला चीक पचतो, पोषणही देतो, पण आजाराविरुद्धचं ते कवच देत नाही. माणसाच्या बाळाला प्रतिपिंडांचा मोठा वाटा वारेतून आधीच मिळालेला असतो.

पेशींचा थर

लहान आतड्याची आतली बाजू गुळगुळीत नसते. तिला घड्या असतात. घड्यांवर अर्धा ते एक मिलिमीटर उंचीचे लक्षावधी रसांकुर असतात. रसांकुरावरच्या प्रत्येक शोषक पेशीच्या माथ्यावर पुन्हा हजारो सूक्ष्म रसांकुर असतात, ते जेमतेम एक मायक्रोमीटर उंच. यामुळे शोषणाला मिळणारी जागा प्रचंड वाढते. आतडं उलगडलं तर टेनिसचं मैदान झाकेल, असं पाठ्यपुस्तकं वर्षानुवर्षं सांगत आली. स्वीडनमधल्या हेलांडर आणि फँड्रिक्स यांनी २०१४ मध्ये पुन्हा मोजमाप केलं, तेव्हा सगळ्या पचनमार्गाचं क्षेत्रफळ सुमारे ३२ चौरस मीटर भरलं, म्हणजे लहानशा एका फ्लॅटएवढं. आकडा खाली आला तरी कामाच्या दृष्टीने तो भरपूर आहे.

या पेशी फार दिवस जगत नाहीत. रसांकुरांच्या बुडाशी असलेल्या खळग्यात त्या जन्मतात, वर सरकत जातात, वाटेत शोषण करायला शिकतात आणि तीन ते पाच दिवसांत टोकाला पोचून आतड्याच्या पोकळीत गळून पडतात. गळलेल्या पेशीही पचतात आणि त्यांचीच अमिनो आम्लं मागून आलेल्या पेशी उचलतात. शरीरात इतक्या झपाट्याने नवं होत राहणाऱ्या जागा थोड्याच. या झपाट्यामुळे आतडं झालेली इजा लवकर भरून काढतं, आणि याच झपाट्यापायी त्याला सतत कच्चा माल लागतो. या दोन्ही गोष्टी पुढे कामाला येतील.

जोर मिठाचा

अमिनो आम्लं पाण्यात विरघळतात, पेशीचं आवरण मात्र स्निग्ध पदार्थाचं असतं. त्यामुळे ती आपोआप आत झिरपत नाहीत. त्यांना आत नेणारी खास प्रथिनं आवरणात बसवलेली असतात. त्यांना वाहक म्हणतात. पेशीच्या आत अमिनो आम्लं आधीच दाटीने असतात, तरीही बाहेरची आत ओढून घ्यायची असतात. चढावर ओझं न्यायचं तर शक्ती हवी. ती येते सोडियममधून, म्हणजे आपल्या साध्या मिठातून.

वाशिंदजवळून वाहणारी भातसा वर शहापूरच्या डोंगरात धरणाने अडवली आहे. भिंतीमागे पाणी उंचावर साठवलं की ते खाली येताना जनित्र फिरवतं, आणि पुढे तेच पाणी मुंबईची तहान भागवतं. पेशीने सोडियमचं असंच केलेलं असतं. तिच्या मागच्या अंगाला, रक्ताच्या बाजूला, एक पंप अखंड चालू असतो. तो प्रत्येक फेरीला तीन सोडियम बाहेर फेकतो, दोन पोटॅशियम आत घेतो आणि त्यासाठी एटीपी या इंधनाचा एक रेणू जाळतो. त्यामुळे पेशीच्या आत सोडियम बाहेरच्या सुमारे एक दशांश उरतं आणि पेशीचं अंतरंग ऋणभारित होतं. आता आतड्याच्या पोकळीतलं सोडियम आत घुसायला टपलेलं असतं. वाहक त्याला आत येऊ देतो, पण एकट्याला नाही. सोबत एक अमिनो आम्ल घेऊनच यायचं, अशी अट असते. सोडियम उताराने येतं आणि अमिनो आम्ल त्याच्याबरोबर चढावर ओढलं जातं. हा पंप डेन्मार्कच्या येन्स स्को यांनी १९५७ मध्ये खेकड्याच्या नसांवर काम करताना ओळखला. त्याबद्दल त्यांना १९९७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं.

वालातलं लायसिन, भातातलं मिथिओनिन

वाहक अनेक प्रकारचे असतात आणि प्रत्येकाची निवड ठरलेली असते. ल्यूसिन, मिथिओनिन, ट्रिप्टोफॅन अशा विद्युतभार नसलेल्या अमिनो आम्लांचा मुख्य वाहक म्हणजे बी-झिरो-एटी-१. तो सोडियमच्या जोरावर चालतो. आतड्यात त्याला आवरणावर उभं राहायला एसीई-२ या दुसऱ्या प्रथिनाची साथ लागते. कोरोनाचा विषाणू पेशीत शिरताना ज्याला धरतो तेच हे एसीई-२. विषाणूने त्याचा गैरफायदा घेतला म्हणून ते बदनाम झालं, पण आतड्यात त्याचा रोजचा उद्योग हा आहे.

लायसिनची गोष्ट वेगळी. त्यावर धनभार असतो आणि त्याचा वाहक अदलाबदलीने चालतो. एक लायसिन आत घ्यायचं तर बदल्यात पेशीतलं एक भार नसलेलं अमिनो आम्ल, समजा ल्यूसिन, बाहेर सोडायचं. बाहेर गेलेलं ल्यूसिन पहिला वाहक सोडियमच्या जोरावर पुन्हा आत आणतो. म्हणजे लायसिनचा खर्चही आडमार्गाने मिठाच्या त्याच साठ्यातून भागतो, आणि भारहीन अमिनो आम्लांच्या वर्दळीशिवाय ही वाट चालत नाही. पेशीच्या मागच्या बाजूने रक्तात उतरताना लायसिन पुन्हा अशाच अदलाबदलीने बाहेर पडतं.

भाताच्या प्रथिनात लायसिन कमी असतं, मिथिओनिन त्या मानाने बरं. वाल, तूर, उडीद यांत लायसिन मुबलक, पण मिथिओनिन तोकडं. एकच जिन्नस खाल्ला तर जे अमिनो आम्ल सर्वांत कमी असेल, तिथे नवं प्रथिन बांधण्याचं काम अडतं आणि बाकीची जास्तीची अमिनो आम्लं इंधन म्हणून जळून जातात. भात आणि वाल एका जेवणात आले तर दोघांची उणीव भरून निघते. नागलीच्या भाकरीबरोबर उडदाचं डांगर, भाताबरोबर सुकटीचं कालवण, पहिल्या पावसात वलगणीचे मासे, शेताच्या बांधावरचे मुठे या सगळ्यांत हेच गणित आहे. मासे-खेकडे-अंड्यांमध्ये तर नऊही आवश्यक अमिनो आम्लं पुरेशी असतात, म्हणून त्यांचा लहानसा वाटाही ताटाचा दर्जा वाढवतो. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला वजनाच्या किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिन लागतं, म्हणजे पन्नास किलोच्या बाईला साधारण ४१-४२ ग्रॅम. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना त्याहून जास्त.

लंडनचं एक कुटुंब आणि जोडगोळीची वाट

१९५६ साली लंडनच्या डॉक्टरांनी हार्टनप नावाच्या एका कुटुंबातल्या मुलांबद्दल लिहिलं. उन्हात गेलं की अंगावर पुरळ, चालताना झोकांड्या आणि लघवीतून भसाभस वाहून जाणारी अमिनो आम्लं. पुढे कळलं की भार नसलेल्या अमिनो आम्लांचा वाहकच बिघडलेला आहे, मूत्रपिंडात आणि आतड्यातही. त्यामागचा जनुक २००४ मध्ये सापडला. ट्रिप्टोफॅन पुरेसं शोषलं जात नाही, त्यापासून बनणारं नायसिन कमी पडतं आणि पेलाग्रासारखी लक्षणं दिसतात. पण चकित करणारी गोष्ट पुढेच होती. हा मुख्य वाहक निकामी असूनही अशी बहुतेक माणसं चांगली वाढतात, प्रथिनांच्या अभावाने खंगत नाहीत. काही जणांना तर आपल्याला काही आजार आहे हे कळतही नाही. मग अमिनो आम्लं आत येतात कुठून?

तोवर अभ्यासक धरून चालले होते की प्रथिन पार सुट्ट्या अमिनो आम्लांपर्यंत मोडल्याशिवाय शोषलं जात नाही. हार्टनपच्या रुग्णांना एकेकटं अमिनो आम्ल दिलं तर ते नीट शोषलं जाईना, पण तेच दुसऱ्या अमिनो आम्लाला जोडून दिलं तर आत जाई. १९६० आणि ७० च्या दशकांत अशा प्रयोगांतून ठरलं की आतड्याला दुसरी वाट आहे. दोन किंवा तीन अमिनो आम्लांच्या जोडण्या ती अख्ख्याच आत घेते आणि त्या पेशीच्या आत सुट्या करते. या वाटेवरचा वाहक पेप्ट-१, त्याचा जनुक १९९४ मध्ये हाती आला. तो सोडियमऐवजी हायड्रोजन आयनावर, म्हणजे आम्लतेच्या फरकावर चालतो. वीस अमिनो आम्लांच्या दोन-दोनच्या ४०० आणि तीन-तीनच्या ८,००० जोडण्या होऊ शकतात. त्यांतल्या जवळजवळ सगळ्या हा एकटा पेलतो. सेफॅलेक्सिनसारखी काही प्रतिजैविकं आपण गोळीने घेऊ शकतो तीही त्याच्याच कृपेने, कारण त्यांची ठेवण अशा जोडणीशी मिळतीजुळती असते.

आत येण्याची एक वाट बंद पडली तर दुसरी आहे. पण बाहेर पडण्याची वाट बंद झाली तर? तसा आजारही आहे. फिनलंडमध्ये १९६५ साली त्याचं वर्णन झालं. त्यात लायसिन पेशीत शिरतं, जोडगोळीतूनही येतं, पण मागच्या बाजूने रक्तात उतरूच शकत नाही. अशी मुलं प्रथिनाचं अन्न नको म्हणतात, त्यांची वाढ खुंटते आणि प्रथिन जास्त झालं तर रक्तात अमोनिया साचतो. आत येऊन पेशीत अडकलेलं लायसिन शरीराच्या उपयोगाचं नाही, हे या आजाराइतकं स्पष्ट दुसरं काही दाखवत नाही.

जोडगोळीच्या वाटेतून जिममधल्या एका प्रश्नाचंही उत्तर मिळतं. सुट्ट्या अमिनो आम्लांची महागडी पावडर आतड्याला लवकर रुचेल, हा समज टिकत नाही. आतड्याला दोन-तीनच्या जोडण्या तितक्याच सहज, बऱ्याचदा जास्त वेगाने घेता येतात, आणि त्या जोडण्या डाळ, दूध, अंडं यांतून आपोआप तयार होतात. कोलॅजेनची पावडर खाल्ली म्हणून ती सरळ जाऊन चेहऱ्याच्या कातडीत बसत नाही, याचंही कारण हेच. तिचे बारीक तुकडे होतात आणि पुढे कोणतं अमिनो आम्ल कुठे लावायचं ते शरीर ठरवतं.

आतड्याचा स्वतःचा वाटा

पेशीत आलेली सगळी अमिनो आम्लं पुढे जात नाहीत. आतडं आधी आपला वाटा काढून घेतं. अन्नातल्या ग्लुटामेटचा बहुतांश भाग आतड्याच्या पेशी तिथेच इंधन म्हणून वापरतात. ग्लुटामिनही, तेही रक्तातून आणि अन्नातून दोन्हीकडून घेतात. काही आवश्यक अमिनो आम्लं नव्या पेशी घडवण्यात, श्लेष्मा तयार करण्यात खर्ची पडतात. उरलेली पोर्टल व्हेनमधून यकृतात जातात आणि तिथून शरीरभर.

आतड्याच्या पेशींना पोटापुरतं लागतं ते अशा रीतीने बरंचसं पोकळीतून, म्हणजे नुकत्याच आलेल्या घासातून मिळतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत सगळं पोषण शिरेतून दिलं आणि आतड्यात काहीच जाऊ दिलं नाही, तर रक्तात सारं भरपूर असूनही रसांकुर आखडतात. आतडं रिकामं राहिलं की शोषणारी भिंतच झिजायला लागते.

रसांकुर खुरटतात तेव्हा

१९६०च्या दशकात अमेरिकेचे पीस कोअरचे तरुण स्वयंसेवक तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात कामाला आले. धडधाकट, चांगलं खाणारे. तिथे राहिल्यावर त्यांच्यातल्या अनेकांच्या आतड्याचे रसांकुर बुटके आणि रुंद झाल्याचं, काही पोषकद्रव्यं नीट शोषली जात नसल्याचं लिंडेनबॉम आणि सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये दाखवलं. मायदेशी परतल्यावर त्यांची आतडी सुधारली. त्याच काळात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात बेकर आणि मथन दक्षिण भारतातल्या खेड्यांमधला असाच बदल अभ्यासत होते. आज त्याला पर्यावरणजन्य आंत्रविकार म्हणतात. विष्ठेने दूषित पाणी आणि माती यांतून जंतू सतत पोटात जात राहिले की जुलाब होवोत न होवोत, आतड्याला मंद सूज राहते. रसांकुर खुरटतात, पेशी पुऱ्या तयार होण्याआधीच गळतात, थराची घट्ट वीण सैल पडते. शोषणाची जागा घटते आणि सुजेशी झुंजण्यात अमिनो आम्लं खर्च होतात, असा दुहेरी तोटा. आफ्रिकेतल्या मलावीत २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत उंची खुंटलेल्या मुलांच्या रक्तात नऊही आवश्यक अमिनो आम्लं इतर मुलांपेक्षा कमी आढळली.

वजनकाट्यापाशी उभ्या असलेल्या आईच्या तक्रारीचं एक कारण इथे असू शकतं. ठाणे जिल्ह्याला कुपोषणाची ओळख करून द्यावी लागत नाही. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. जव्हार तेव्हा ठाण्यातच होतं, पालघर वेगळं झालं २०१४ मध्ये. शहापूर-मुरबाडच्या ठाकूर, कातकरी, महादेव कोळी वस्त्यांमध्येही हा प्रश्न जुना आहे. वीटभट्टीवर किंवा दूरच्या कामावर कुटुंब गेलं की मुलाचं अंगणवाडीचं खाणं तुटतं आणि पिण्याचं पाणी जिथलं मिळेल तिथलं. २०१५ पासून राज्यात आदिवासी भागांसाठी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू झाली. गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं चौरस जेवण, लहान मुलांना अंडी किंवा केळी. आतड्याच्या नजरेतून पाहिलं तर अंड्याची निवड अचूक आहे. आवश्यक अमिनो आम्लं पूर्ण, पचनीयता वरच्या दर्जाची, टॅनिन नाही की ट्रिप्सिनला रोखणारी कडधान्यातली प्रथिनं नाहीत. शिवाय ते उकडलेलं असतं, म्हणून कच्च्या अंड्यापेक्षा पचायला सोपं.

मग पाणी शुद्ध केलं, संडास बांधले की मुलांची उंची वाढेल का? बांगलादेश, केनिया आणि झिम्बाब्वेमध्ये हजारो मुलांवर मोठे प्रयोग झाले. त्यांचे निकाल २०१८-१९ च्या सुमारास आले आणि त्यांनी सोपं उत्तर नाकारलं. साधे संडास, हात धुणं आणि घरच्या पाण्यात क्लोरिन एवढ्याने उंचीत फरक पडला नाही. पूरक आहाराने पडला, पण थोडा. याचा अर्थ स्वच्छता व्यर्थ आहे असा नाही. अंगणात कोंबड्या, बकऱ्या आणि रांगणारं मूल एकत्र असतं, तिथे जंतूंची आवक थांबवायला घरातली एखादी सोय पुरत नाही. नळाने येणारं भरवशाचं पाणी, सगळ्या वस्तीची स्वच्छता आणि ताटातलं चांगलं प्रथिन हे सारं एकत्र यावं लागतं. ज्या तालुक्यातल्या धरणांचं पाणी मुंबईला जातं, त्याच तालुक्यातले काही पाडे उन्हाळ्यात टँकरकडे डोळे लावून बसतात. आतड्याचं शास्त्र या विसंगतीला आणखी टोचणी लावतं, कारण पाण्याची टंचाई तहानेपुरती राहत नाही. ती ताटातलं प्रथिन अंगी लागण्याच्याही आड येऊ शकते.

जुलाबात काय द्यावं

सोडियम आणि पोषकद्रव्यं जोडीने आत जातात, या एका ज्ञानाने लाखो जीव वाचवले आहेत. ग्लुकोजच्या बाबतीत ही जोडी रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये प्रागच्या एका परिषदेत मांडली. ती दोघं आत शिरली की मागोमाग पाणी येतं. पटकीसारख्या भयंकर जुलाबातही ही वाट शाबूत राहते. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत, बनगाव इथे, डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाइन संपत आल्यावर मीठ-साखरेचं पाणी पिंपांतून वाटलं आणि पटकीने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्याही खाली आणले. त्याच सुमारास ढाक्यात नलिन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ग्लुकोजच्या जोडीला ग्लायसिन हे अमिनो आम्ल दिलं तर सोडियम आणि पाणी आणखी शोषलं जातं. दोघांचे वाहक वेगळे, म्हणून दोघांचा जोर एकत्र मिळतो. मीठ घातलेल्या भाताच्या पेजेत पिष्ट असतं, ते पचून हळूहळू ग्लुकोज सुटतं, थोडी अमिनो आम्लंही असतात. तांदळावर आधारलेली क्षारसंजीवनी (ओआरएस) पटकीत चांगलं काम करते ती यामुळेच. हाताशी ओआरएसचं पाकीट असेल तर तेच द्यावं, कारण त्यातलं प्रमाण नेमकं असतं. मूल सुस्त झालं, पाणी पोटात ठरत नसेल किंवा शौचातून रक्त पडत असेल, तर थेट दवाखाना गाठावा.

मात्र घराघरांत अजून एक समज तग धरून आहे. पोट बिघडलंय तर खाणं बंद करा, लंघन होऊ द्या, पोटाला आराम मिळेल. जुलाब लागलेल्या लहान मुलाच्या बाबतीत हा सल्ला उलटा पडतो. त्या दिवसांत त्याच्या आतड्याचा थर बऱ्याचदा दुखावलेला असतो आणि तीन-पाच दिवसांत नव्या पेशींनी तो भरून यायचा असतो. त्या पेशींचं इंधन रक्तातून कमी आणि समोर आलेल्या घासातून जास्त मिळतं. घास थांबला की दुरुस्ती रेंगाळते, खुरटलेले रसांकुर पुढचं अन्नही कमी शोषतात, आणि मूल जुलाबातून उठतं ते आधीपेक्षा हलकं होऊन. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला म्हणूनच सरळ आहे: अंगावरचं दूध चालू ठेवा, ओआरएस द्या, जस्ताच्या गोळ्या द्या आणि नेहमीचं मऊ खाणं थोडं थोडं, वरचेवर भरवत राहा. मऊ खिचडी, वरण-भात, नागलीची पेज, कुस्करलेलं केळं, उकडलेलं अंडं यांतलं जे मूल घेईल ते. बरं झाल्यावर दोन आठवडे दिवसाला एक खाणं जादा द्या.

खाल्लेलं अंगी लागावं म्हणून घरात करण्यासारखं बरंच आहे, आणि त्यातलं सर्वांत स्वस्त म्हणजे आजारी मुलाचं ताट मागे न घेणं.